दिंडीत चालतो, मीटिंगमध्ये अडखळतो: उशिरा ओळखलेल्या ऑटिझमचं एक प्रकरण

मी पुण्यात समुपदेशक आहे. सोपान माझ्याकडे आला तो कंपनीच्या सांगण्यावरून. (नाव बदललं आहे. गाव, नोकरी आणि घरचे काही तपशीलही ओळख पटू नये इतपत बदललेत. हे लिहायला त्याची लेखी परवानगी आहे.) वय ३१. मूळ गाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेडजवळ. दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत, अकरावी-बारावी लातूरला, इंजिनिअरिंग पुण्यात आणि नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. राहायला वाकडला, दोन रूममेट्सबरोबर. मॅनेजरनं त्याला पीआयपीवर टाकलं होतं, म्हणजे ठरावीक मुदतीत सुधारणा दाखवा नाहीतर बाहेर पडा. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: कम्युनिकेशन.

त्याची स्वतःची तक्रार अशी होती: "मॅडम, मला पुण्यात बोलता येत नाही."

गावाकडे येतं का, असं विचारल्यावर तो बराच वेळ खाली बघत बसला. मग म्हणाला, "गावाकडं बोलावं लागत नाही."

त्याआधीच्या गणपतीत जे झालं त्यानं प्रकरण चिघळलं होतं. कंपनीच्या काचेच्या इमारतीत मधोमध चार मजले उंचीची मोकळी जागा आहे, तिथं ऑफिसचा गणपती बसतो. ट्रॅडिशनल डेला कर्मचाऱ्यांच्याच ढोलपथकानं तिथं वादन केलं. नदीपात्रातल्या सरावाचा ढोल लांबून बरा वाटतो. तोच बंद इमारतीत कसा आदळतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. सोपान आरतीचं ताट घेऊन रांगेत उभा होता. पहिल्या ठोक्याला ताट हातातून सुटलं, निरांजन सांडलं, आणि तो जिन्यानं उतरून थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये गेला. दोन गाड्यांच्या मध्ये भिंतीला पाठ लावून बसला. शोधायला आलेल्या सहकाऱ्याला काही केल्या उत्तर देईना. "शब्द डोक्यात होते, तोंडात येईनात," असं त्यानं मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी टीममध्ये दोन अफवा होत्या. एक, हा पिऊन आला होता. दुसरी, याला देवाधर्माचं वावडं आहे. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या, घरात पिढ्यान् पिढ्या वारी असलेल्या माणसाबद्दल या दोन्ही अफवा उठल्या!

तेव्हापासून झोप गेली होती. मीटिंगच्या आधी पोटात कळ यायची. रविवारी संध्याकाळपासून जेवण जायचं नाही. घरचे स्थळं बघत होते. एक जुळत आलेलं स्थळ "मुलगा नजर देत नाही, तुटक बोलतो" म्हणून मोडलं होतं.

दोन वह्या

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रकरणात त्याचा संबंध आहे. मी भालकीकडची, बीदर जिल्ह्यातली. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. बी.ए.ला पुण्यात आले आणि इथंच राहिले. माझ्या तोंडून एखादं हेल काढलेलं वाक्य निसटलं की "तुम्ही मूळच्या कुठल्या?" हा प्रश्न आजही येतो. नवी पेठेतल्या माझ्या खोलीत येणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक असेच बाहेरून आलेले: स्पर्धा परीक्षेची मुलं, आयटीतले, नर्सिंगच्या मुली. त्यामुळे "पुण्यात बोलता येत नाही" असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप एकाच कप्प्याकडे जातो. हा कप्पा ओळखीचा आहे. बोलीची लाज, एकटेपणा, आपण कुठलेच नाही ही भावना. आणि म्हणूनच तो धोक्याचा. स्थलांतर केलेल्या समुपदेशकाला सगळीकडे स्थलांतरच दिसू शकतं, जसं काही डॉक्टरांना सगळीकडे थायरॉइड दिसतो.

यावर माझा एक साधा उपाय आहे: नोंदी दोन वह्यांत करायच्या. प्रत्येक तक्रारीला विचारायचं, हे पुण्यातच होतं का? गावी गेल्यावर जातं का? आणि वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षी होतं का? पुण्यात उगवलेलं आणि गावी मावळणारं पहिल्या वहीत. सगळीकडे आणि लहानपणापासून असलेलं दुसऱ्या वहीत. सोपानच्या बाबतीत सर्वांत जास्त भरली ती मात्र या दोन्हींत न बसणारी पानं: जे गावात होतं, ठळक होतं, पण ज्याचा तिथं कोणाला त्रास नव्हता.

आईनं सांगितलेलं

मोठ्या माणसाचं ऑटिझमच्या दृष्टीनं मूल्यमापन करायचं तर बालपण माहीत असणाऱ्या कोणाशी तरी बोलावंच लागतं. सोपानच्या आईशी पहिलं बोलणं फोनवर झालं. मी पुण्याचं मराठी बोलत होते तोवर त्या "हाव जी, समदं चांगलं होतं," यापलीकडे जाईनात. मी भालकीच्या वळणावर आले आणि त्या मोकळ्या झाल्या.

"तीन वर्साचा झाला तरी आई म्हनंना. चिंचुके लावायचा ओळीनं, उंबऱ्यापासून न्हानीपत्तुर. कुनी एक हलीवला की दिवसभर रडायचा." नव्या सदऱ्याची शिवण टोचते म्हणून तो सदरा उलटा घालून शाळेत जायचा. भाकरी आणि कालवण एका ताटलीत चालायचं नाही. शाळेला जायची वाट एकच. पावसानं ओढ्याला पाणी आलं आणि दुसरीकडून न्यायला लागलं तर घरी परत. लग्नात बँड वाजायला लागला की घरात पळून कणगीमागं जाऊन बसायचा, वऱ्हाड जेवून उठेपर्यंत. (कणगीमागची जागा आणि पार्किंगमधली जागा मी शेजारी शेजारी लिहून ठेवली.)

गावाला याचं काहीतरी करावं लागलं, आणि गावानं बरंच काही केलं. सगळं चांगलं नव्हे. एका भगताकडे नेऊन अंगारे-धुपारे झाले. एका गुरुजींनी, तीसपर्यंत पाढे येतात पण नाव विचारल्यावर बोलत नाही म्हणजे माजलाय, असं ठरवून छडीनं हात सुजवले. हे मुद्दाम लिहिते, कारण "पूर्वी गावात अशा मुलांना सामावून घ्यायचे" असलं गोड बोलायची आपल्याकडे सवय आहे. सामावून घेतलं ते एका ठिकाणी. गावातल्या टाळकऱ्यांपैकी एका म्हाताऱ्याच्या लक्षात आलं की या पोराला हरिपाठ एकदा ऐकून क्रमानं येतो. त्यांनी त्याच्या हातात टाळ दिले आणि रांगेत आपल्या शेजारी उभं केलं. सातव्या-आठव्या वर्षापासून तो वडिलांबरोबर आषाढीला चालतो आहे. वारीत कोण कोणाच्या पुढे, रथापुढच्या २७ दिंड्या कोणत्या, विसावा कुठे, मुक्काम कुठे, हे त्याला मुखोद्गत आहे. गावात एकतिसाव्या वर्षीही त्याला आदरानं 'सोपानकाका' म्हणतात. तिथं त्याच्याशी गप्पा मारायला कोणी येत नाही. मुक्काम विचारायला येतात, अभंगाचं पुढचं चरण विचारायला येतात. तो सांगतो. झालं.

"गावाकडं बोलावं लागत नाही," याचा अर्थ मला तेव्हा लागला.

प्रश्नावल्यांची गंमत

प्रौढांमधली ऑटिझमची लक्षणं मोजायला वापरली जाणारी एक्यू ही ५० प्रश्नांची चाचणी केंब्रिजमध्ये २००१ साली तयार झाली. तिच्यात विचारलंय: पार्टीपेक्षा तुम्हाला ग्रंथालयात जायला आवडेल का? आता सांगा, जो मुलगा चार जणांच्या खोलीत राहतो आणि सकाळी सहाला अभ्यासिकेत खुर्ची धरतो, त्याचं उत्तर काय येणार? नवी पेठेत हा प्रश्न विचारला तर अख्खी पेठ ऑटिस्टिक निघेल. संग्रहालयापेक्षा नाटकाला जाल का, हा आणखी एक प्रश्न. सोपाननं प्रामाणिकपणे विचारलं, "दोन्ही बघितली नसतील तर काय लिहू?" आकडा निघाला, तोही वरच्या पट्टीत. पण मी त्याला फार वजन दिलं नाही.

नजरेला नजर देणं हे असंच दुसरं. त्याच्या घरात वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत बघून बोलणं म्हणजे उद्धटपणा. त्यामुळे मॅनेजरसमोर खाली बघतो यातून काहीच सिद्ध होत नाही. मी विचारलं पुतण्यांबद्दल, बरोबरीच्या मित्रांबद्दल. तीन वर्षांच्या पुतण्याशी खेळतानाही तो त्याच्या हाताकडे बघतो. "तोंडाकडं बघितलं तर तो काय बोलला ते ऐकू येत नाही." हे उत्तर संस्कृतीतून आलेलं नाही.

पण ज्यानं निदान पक्कं केलं ती कोणतीही चाचणी नव्हती. ती त्याच्या फोनमधली एक एक्सेल फाइल होती. नाव: 'पुणे'.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून तो ती लिहीत होता. एका रकान्यात प्रसंग, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात तारीख. 'बघू' म्हणजे नाही. 'कधीतरी घरी या' म्हणजे येऊ नका. 'चहा घेणार का?' याला पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं तर अर्धा. कोणी 'काय म्हणतोस?' विचारलं तर काही म्हणायचं नाही, 'मजेत' म्हणायचं. लिफ्टमध्ये ओळखीचा माणूस असेल तर ट्रॅफिकबद्दल एक वाक्य, दोन नकोत. "हसताना दात किती दिसावेत" याचीही नोंद होती, आरशासमोर सराव करून केलेली.

गावाकडून आलेला प्रत्येक जण डोक्यात अशी एक यादी करतो. मीही केली होती. फरक पुढे पडतो. बाकीच्यांची यादी वर्ष-दोन वर्षांत विसरली जाते, कारण नियम अंगवळणी पडतात आणि मग यादीची गरज उरत नाही. सोपानची यादी दहा वर्षांनंतरही वाढत होती. प्रत्येक नवा माणूस, नवी टीम, नवा मॅनेजर म्हणजे नव्या ओळी. त्याच्यासाठी एकही नियम कधी अंगवळणी पडलाच नव्हता. प्रत्येक वेळी आठवून, ताडून, मग कृती. ऑटिस्टिक माणसं स्वतःचं वेगळेपण झाकण्यासाठी हे जे करतात, त्याला मास्किंग म्हणतात. त्याच्यावर दोन मुखवटे होते, एकावर एक. एक परभणीच्या बोलीवर चढवलेला, दुसरा त्याच्या मेंदूच्या मूळ चालीवर. आणि मीटिंग इंग्रजीत, म्हणजे वर तिसरा थर. संध्याकाळी घरी येऊन तो अंधारात नुसता पडून राहायचा, यात नवल ते काय?

डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेत एक वाक्य आहे, जे प्रौढांच्या बाबतीत मी पुन्हा पुन्हा वाचते. लक्षणं वाढीच्या सुरुवातीच्या काळापासून असायला हवीत, पण भोवतालच्या अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असं नाही, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलेलीही राहू शकतात. सोपानच्या बाबतीत दोन्ही झालं. गावात अपेक्षा बेताच्या होत्या आणि पुण्यात युक्त्या पुष्कळ. पुण्यातले लोक त्याच्या तुटकपणाला गावंढळपणा समजत होते. गावातले लोक त्याच तुटकपणाला "शिकून पुण्याला गेला, आता कशाला बोलेल" असं म्हणत होते. दोन्हीकडे कारण हाताशी होतं, म्हणून ३१ वर्षं कोणी तिसरं कारण शोधलं नाही.

बाकीचं थोडक्यात. सामाजिक भीतीचा विकार वेगळा काढावा लागला. भीती त्याला होती, पण लोक काय म्हणतील यापेक्षा 'आता कोणता नियम लागू आहे तेच कळत नाही' अशी ती मुळात होती, आणि लोकांनी खरोखर हसल्यावर तिच्यावर दुसरी भीती चढली होती. बुद्धिमत्ता उत्तम. झोप आणि चिंतेसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. काही महिने कमी मात्रेत औषध चाललं, नंतर थांबलं. ऑटिझमवर औषध नाही, आणि त्याला त्याची गरजही नव्हती.

पाट्यांविषयी

एकदा मी विचारलं, या शहरात तुला आवडतं काय? "पाट्या," तो लगेच म्हणाला. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील.' 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.' लोक ज्यावर विनोद करतात त्या पुणेरी पाट्या त्याला आधार वाटायच्या. नियम भिंतीवर लिहिलाय, ओळखायचा नाही, वाचायचा. सदाशिव पेठेत तो सुट्टीच्या दिवशी नुसता पाट्या वाचत फिरायचा.

मग जे शहर भिंतीवर इतकं रोखठोक बोलतं, त्याला सोपानचा रोखठोकपणा का खुपावा? मीटिंगमध्ये "हे फीचर चालत नाही, आणि गेल्या महिन्यातही चालत नव्हतं," असं म्हटल्याबद्दल त्याला समज मिळाली होती. माझं मत असं झालं आहे की स्पष्टवक्तेपणा हा गुण ठरतो की उर्मटपणा, हे बोलणाऱ्याचा पत्ता बघून ठरतं. पेठेतल्या काकांनी बोललं तर बाणा, गंगाखेडच्या पोरानं बोललं तर मॅनर्स नाहीत. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकानं २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर यांच्यातला न समजण्याचा प्रश्न दुहेरी असतो. एकाला दुसरा कळत नाही तसा दुसऱ्यालाही पहिला कळत नाही. मी त्यात एवढंच जोडेन की समजून घेण्याची मेहनत मात्र दोघांना सारखी करावी लागत नाही. ती नेहमी बाहेरून आलेला करतो. सोपान दोन अर्थांनी बाहेरचा होता, म्हणून दुप्पट करत होता.

पालखीच्या मुक्कामात

निदान आई-वडिलांना कसं सांगायचं हा प्रश्न होता. ते दोघं आषाढवारीला आले तेव्हा ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला होती. पुण्यातला मुक्काम दोन रात्रींचा, त्यामुळे मधला दिवस मोकळा मिळतो. त्या दुपारी दोघं सोपानबरोबर माझ्याकडे आले. वडिलांच्या धोतराचा काठ चिखलानं माखलेला, आईच्या डोक्यावरची तुळस खाली कुठं ठेवायची यावर थोडा वेळ गेला. ती खिडकीत ठेवली.

मी सांगितलं. जन्मापासूनचं आहे, आजार नाही, मेंदूची घडण वेगळी आहे. वडिलांनी विचारलं, "नाव कळलं, म्हंजी औषिद निघंल?" आईनं विचारलं, "मपलं काय चुकलं का ताई? पोटात असताना?" हा प्रश्न जगभरातल्या आयांच्या माथी मारला गेलेला आहे. पश्चिमेत तर विसाव्या शतकाच्या मध्यात मोठमोठ्या तज्ज्ञांनी आईच्या थंडपणाला दोष दिला, आणि तो खोटा ठरायला वेळ लागला. मी त्यांना इतकंच म्हटलं की चुकलं काहीच नाही, हे बहुतांशी रक्तातून येतं. त्यावर सोपानचे वडील जरा वेळानं म्हणाले, "माझा चुलता असाच व्हता. मेंढरं मोजायला त्यालाच बोलवायचे." पुढचा अर्धा तास त्या चुलत्याच्या आठवणीत गेला आणि मी तो जाऊ दिला.

ढोलाचा प्रसंग वडिलांना पटत नव्हता. वारीत टाळ-मृदंगाचा एवढा गजर, त्यात हा तासन् तास उभा राहतो, मग ढोलानं काय होतंय? याचं उत्तर सोपाननंच दिलं. वारीत पुढचा ठोका कधी येणार हे माहीत असतं. टाळ स्वतःच्या हातात असतात. आपली जागा ठरलेली असते. आणि चोपदारानं दंड वर केला की सगळे टाळ थांबतात. आवाज मोठा आहे म्हणून त्रास होत नाही, तो कधी सुरू होईल आणि कधी थांबेल हे आपल्या हातात नसतं म्हणून होतो. ऑटिझमच्या संवेदनशीलतेवर मी पालकांना देते त्या माहितीपेक्षा हे स्पष्ट होतं.

चोपदाराचा विषय निघाला तसा मला एक धागा सापडला. मुक्कामाच्या समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात तेव्हा सगळ्या दिंड्या गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, ऐकतात, निवाडा करतात, मग टाळ थांबतात. तक्रार करायची ही ठरलेली रीत आहे. तिच्यासाठी गोड बोलावं लागत नाही, योग्य क्षण ओळखावा लागत नाही. मी म्हटलं, घरात अशी रीत का नको? त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं: स्थळाचा विषय निघाला आणि सोपानला नको असेल तर तो फोनवर दोनदा टिचकी मारेल, आणि त्या दिवशी विषय बंद. कारण विचारायचं नाही. आई म्हणाल्या, "एवढंच व्हय? मग आधी का नाही सांगितलंस?"

कामाची दिशा

सॉफ्ट स्किल्स शिकवायला मी नकार दिला. त्याच्याकडे कौशल्यांची उणीव नव्हती, त्याची फाइल भरून वाहत होती. आम्ही उलटं केलं: फाइलमधल्या ओळी एकेक करून काढायला घेतल्या. ही ओळ पाळल्यानं तुझा काय फायदा? न पाळल्यानं खरोखर काय बिघडतं? दात किती दिसावेत ही नोंद पहिल्या झटक्यात गेली. लिफ्टमधलं ट्रॅफिकचं वाक्य गेलं. "'बघू' म्हणजे नाही" ही मात्र त्यानं ठेवली, उपयोगाची आहे म्हणाला. खरंच आहे.

भेटीतला काही वेळ आम्ही दोघं आपापल्या बोलीत बोलायचं असं ठरवलं. तो परभणीच्या, मी भालकीच्या. सुरुवातीला त्याला हसू आलं. पण बोलीत असताना त्याची वाक्यं लांब व्हायची, बोटं मांडीवर ताल धरायची, आणि तो ती दाबून ठेवायचा नाही. एकदा म्हणाला, "ताई, मी इथं बोलायलो तं मला घाम येईना झालाय." 'मॅडम'ची 'ताई' त्याच दिवशी झाली.

ऑफिससाठी आम्ही मॅनेजरला एक पानाचं पत्र लिहिलं. मीटिंगचा अजेंडा आदल्या दिवशी लेखी मिळावा. कॅमेरा बंद ठेवता यावा. बसायची जागा पँट्रीपासून लांब. अभिप्राय तोंडी न देता मेलवर, नेमक्या उदाहरणासह. आणि सणाच्या दिवशी वादन असेल तर घरून काम. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही. मॅनेजरनं पत्र वाचून विचारलं, "एवढंच?" पुढच्या तिमाहीत त्याचे लेखी बग-रिपोर्ट टीमला नमुना म्हणून दाखवले गेले आणि पीआयपी बंद झाला. हे रिपोर्ट आधीही तसेच होते. फक्त 'कम्युनिकेशन'मध्ये त्यांची गणती नव्हती.

कायद्याचा आधारही आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझम त्यांत नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं यादी २१ वर नेली आणि तो आला. सोपान शाळेत मार खात होता तेव्हा त्या जुन्या कायद्याच्या लेखी त्याचं वेगळेपण अस्तित्वातच नव्हतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र त्यानं अजून काढलेलं नाही. आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट लागते, आणि नोकरी करणाऱ्या, एकट्यानं राहणाऱ्या माणसाचे टक्के किती भरतील याची त्याला खात्री नाही. शिवाय गावात कागद पोचला तर भावाच्या मुलींची लग्नं अडतील, ही थोरल्या भावाची भीती. मला ती भीती पटत नाही, पण ती निराधार आहे असं म्हणायचा मला अधिकार नाही. त्या गावात मी राहत नाही.

एक गोष्ट जमली नाही. न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंच्या घडणीत वैविध्य असणं स्वाभाविक आहे, ही कल्पना १९९० च्या दशकात ऑटिस्टिक लोकांच्याच आपापसातल्या चर्चांतून रुजली, आणि पुण्यातही आता असे गट भेटतात. मी त्याला अशा एका गटाचा पत्ता दिला. जागा कॅफेची, बोलणं इंग्रजीतलं, चपखल, मिश्कील. आपल्या मेंदूबद्दल सफाईनं बोलणारी तरुण मंडळी. सोपान एकदाच गेला. "सगळे माझ्यासारखे होते, पण माझ्याकडचं कुणीच नव्हतं," म्हणाला. मेंदूच्या वैविध्याबद्दल बोलणाऱ्या खोलीतही भाषेचा आणि वर्गाचा दरवाजा असतो, हे त्या गटात कोणाच्या लक्षात आलं नसावं. मराठीतून असा गट हवा. तो माझ्या आणि आणखी दोघी सहकाऱ्यांच्या डोक्यात आहे, जागा आणि वेळ जुळत नाहीये.

सध्या

भेटी आता महिन्यातून एकदा होतात. झोप बरी आहे. यंदाच्या गणपतीत त्यानं घरून काम केलं आणि पहाटे, गर्दी व्हायच्या आधी, कसब्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन आला. वाकडच्या खोलीच्या दारावर त्यानं एक पाटी लावली आहे: 'दार वाजवून अर्धा मिनिट थांबावे. मिक्सर लावण्यापूर्वी सांगावे. उत्तर उशिरा आल्यास राग नाही असे समजावे.' एका रूममेटनं तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, दुसरा ती पाळतो.

लग्नाचं काहीच ठरलेलं नाही. त्याला लग्न करायचं आहे, पण पाहायच्या कार्यक्रमातून नाही. मुलीला आधी सगळं लेखी कळवायचं असं त्याचं म्हणणं. असं पत्र देऊन कोण मुलगी देईल, असं भावाचं. टिचकीची रीत यात पुरत नाही, दोघा भावांना एकत्र बसवावं लागेल.

मध्यंतरी आईंचा फोन आला. भावकीत चार वर्षांची मुलगी आहे, बोलत नाही, बांगड्या ओळीनं लावते. भगताकडे न्यायचं चाललंय. कुठं न्यायचं ते सांगा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, हे मी सांगितलं. अंगणवाडीत विचारा, तिथून पुढे पाठवतील. नाव लागलं आहे, तारीख मिळायची आहे. तोवर त्या लेकराच्या बांगड्या कोणी हलवायच्या नाहीत, असं सोपाननं फोन करून घरातल्या सगळ्यांना सांगितलंय.